शमुवेल सरांची करंगळी

शमुवेल सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या घरात तांदूळ निवडत बसले होते. फोन त्यांच्या नातीचा, सोनालीचा होता. "लीलाआजी, आजोबा गेले... चहा घेतला, पेपर मागितला आणि खुर्चीतच मान टाकली." मग हुंदका आवरत म्हणाली, "आजी विचारतेय, तुम्हा चौघांपैकी आता कोण कोण आहे?" मी म्हटलं, "मीच, बाळा." फोन ठेवला आणि कितीतरी वेळ त्या तांदळांत नुसतीच बोटं फिरवत राहिले. चौघांपैकी सर्वांत मागं मी राहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं म्हणजे सर सर्वांत आधी जातील, असंच एके काळी आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही चौघं म्हणजे राहात्याच्या बाहेर, मिशनच्या आवारात, चार वाद्यं एकत्र वाजवणारी माणसं. शमुवेल पाटोळे सर मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे आणि पहिलं व्हायोलिन वाजवायचे. दुसरं व्हायोलिन माझ्याकडं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली शिक्षिका. रूथ सिस्टर दवाखान्यात नर्स, त्या व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवत. चेलो पुणतांब्याच्या बाबूराव धनवट्यांचा. बाबूराव शेतकरी माणूस, पण उमेदीची वर्षं लष्कराच्या बँडमध्ये काढलेला. धोतर नेसून दोन गुडघ्यांत तो अवाढव्य चेलो धरून ते बसले की आवारातली पोरं खिडकीला लटकायची. आम्हांला एकत्र आणलं ते मिशनच्या परदेशी मिसबाईंनी. युरोपातल्या जुन्या संगीतकारांनी चार वाद्यांसाठी लिहून ठेवलेलं संगीत त्यांनी आमच्याकडून वर्षानुवर्षं घोटून घेतलं. त्यात साथीला कुणी नाही, पुढारी कुणी नाही. चौघांनी एकमेकांच्या श्वासावर चालायचं. गावात त्याला 'मिशनातलं रडगाणं' म्हणत. आम्हांला त्याचं काही वाटत नसे.

मग तो मोठा दुष्काळ आला. पहिलं वर्ष कोरडं गेलं तेव्हा लोक बोलत होते; दुसरं गेलं तेव्हा बोलणंच बंद झालं. बाबूरावांच्या मोसंबीच्या बागेत झाडं उभ्या उभ्या काळी पडली. विहिरीत खरवडायलाही पाणी उरलं नाही. हवा इतकी कोरडी, की एके दिवशी तालमीत चेलोच्या पोटातून काडकन आवाज आला आणि लाकडाचा सांधा नखभर उघडला. बाबूराव बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिले. "हे काय बरं लक्षान न्हाई," ते म्हणाले. सर हसले. मला मात्र हसू आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात मिसबाई कायमच्या मायदेशी निघाल्या. जाण्याआधी त्यांनी ठरवलं, की आमचं वादन टेपवर घ्यायचं. त्यांच्या देशातल्या एका संगीतशाळेत ती टेप ऐकवायची आणि सरांना तिथं शिकायला बोलवून घ्यायचं. सर तेव्हा जेमतेम तिशीचे होते. असं व्हायोलिन वाजवणारा माणूस राहात्यात खडूची भुकटी झटकत म्हातारा व्हावा, हे बाईंना पटत नव्हतं. सर बोलत नसत. पण त्यांनी नकाशाच्या पुस्तकात त्या शाळेचं गाव शोधून ठेवलं होतं, हे त्यांच्या बायकोनं, मार्थावहिनींनी, मला सांगितलं होतं.

काहीतरी बिनसतंय हे मला पहिल्यांदा जाणवलं ते तालमीनंतरच्या चहाला. वहिनी पितळी पेल्यांत चहा द्यायच्या. आम्ही पेला पदरात, रुमालात धरायचो, फुंकत बसायचो. सर डाव्या हाताच्या मुठीत सरळ पेला धरून घोट घ्यायचे. बाबूराव कौतुकानं म्हणायचे, "सरांचा हात लई टनक." रूथ सिस्टर पेल्याकडं बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या... मग लक्षात आलं, की जिथं करंगळीनं तार दाबायची तिथं सर आता करंगळी वापरत नाहीत. सगळा पंजा पुढं सरकवून तो सूर तिसऱ्या बोटानं घेतात. मी शेजारीच बसायचे, त्यामुळं मला ते दिसायचं. विचारलं तर म्हणाले, "असं जास्त गोड लागतं, लीला." पण गोड लागत नव्हतं, कसंबसं गाठलेलं लागत होतं. शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायला लागल्या. सायकलच्या डाव्या ब्रेकवरून त्यांचा हात सुटला आणि ते शाळेच्या फाटकावर आदळले. प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर काहीच नव्हती.

रेकॉर्डिंग आवारातल्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ठरलं. पुण्याहून केळकर नावाचे गृहस्थ स्पूलचा मोठा टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. अडचण एकच होती. देवळामागच्या माळावर दुष्काळी काम चाललं होतं. शेकडो बाया-माणसं खडी फोडत. त्या हातोड्यांचा ठकठकाट भिंतीतून आत यायचा. तेव्हा असं ठरलं, की दुपारी मुकादम भाकरीची सुट्टी करतो तेवढ्यात एकेक भाग वाजवून घ्यायचा. दारं-खिडक्या बंद, आत भट्टीसारखी धग. मुकादमाची शिट्टी झाली की सगळे हातोडे एकदम थांबत. कावळासुद्धा ओरडत नसे. त्या शांततेत केळकर बोट वर करत आणि आम्ही सुरू करत असू. ती शांतता मला कधीच आवडली नाही. आपण सुरू करायची कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटायचं.

पहिले तीन भाग नीट झाले. चौथा, शेवटचा भाग जलद होता आणि त्यात पहिल्या व्हायोलिनला धाव घेऊन उंच चढावं लागे. एकदा वाजवला. केळकरांनी कानांवरून हेडफोन काढला. "पहिलं व्हायोलिन वर जाताना किंचित उतरतंय," ते म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! सर म्हणाले, "पुन्हा घेऊ." या वेळी त्यांनी करंगळी वापरली. तार अशी दाबली, की नखाभोवती पांढरं पडलं. सूर बरोबर लागला. आम्ही अर्ध्यापर्यंत आलो असू, तेव्हा मला त्यांच्या व्हायोलिनच्या काळ्या पट्टीवर काहीतरी ओलं चकाकताना दिसलं. घाम असेल म्हणून मी समोरच्या स्वरलिपीच्या पानाकडं वळले. पुन्हा पाहिलं तर ते रक्त होतं. तारेनं करंगळीचं टोक कापलं होतं, थेंब मनगटावरून बाहीत उतरत होते आणि सरांच्या चेहऱ्यावर कसलीही वेदना नव्हती. ते पुढच्या ओळीकडं बघून वाजवत होते... त्यांना कळलेलंच नव्हतं.

रूथ सिस्टरांचा गज थांबला. मग आम्ही सगळेच थांबलो.

"सर, हात दाखवा," सिस्टर म्हणाल्या.

सरांनी हात पाहिला. आधी रक्ताकडं, मग आमच्याकडं. "वेळ काही शिल्लक आहे का?" त्यांनी केळकरांना विचारलं.

"हात दाखवा आधी."

सिस्टरांनी बाही वर केली. कोपरापाशी रुपयाएवढा फिकट डाग होता. त्यांनी कोपरामागची जाड झालेली शीर अंगठ्यानं चाचपली, मग केसातली पिन काढून करंगळीवर टोचली. सर दुसरीकडं बघत होते. सिस्टर पुन्हा टोचत गेल्या आणि सर तसेच दुसरीकडं बघत राहिले. सिस्टरांचे डोळे भरून आले. कुणी त्या रोगाचं नाव घेतलं नाही. आमच्या भागात ते नाव कुणी तोंडानं घेतच नसे.

पहिला आवाज झाला तो बाबूरावांच्या खुर्चीचा. त्यांनी चेलो उचलला आणि खुर्ची फरशीवरून मागं, चांगली चार हात मागं ओढली. तो खरखराट अजून माझ्या कानांत आहे. ते कुणाकडंच बघत नव्हते. "माज्या चुलत्याला झाला हुता," ते म्हणाले. "गावानं नदीकडंला खोपट बांदून दिलं. भाकर काठीनं सरकवायचे... मी लहान हुतो, पन बघितलंय."

सर शांतपणे म्हणाले, "बाबूराव, तिथून वाजवा. ऐकू येतंय मला. एवढा शेवट होऊ द्या. पुन्हा होणार नाही."

सिस्टरांनी रुमाल फाडून बोटाला घट्ट बांधला. पट्टी बांधलेली करंगळी तारेवर चालेना, तेव्हा सरांनी तो सगळा भाग तीन बोटांवर घेतला. तसं वाजवताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यात आनंद नव्हता. मागं काहीतरी लागलंय आणि दार बंद व्हायच्या आत पोचायचंय, असं ते वादन होतं. बाबूराव मागून, लांबून साथ देत राहिले. शेवटचा सूर लागला आणि तो विरायच्या आत माळावर पहिला हातोडा पडला. बाईंनी पुढं पाठवलेल्या टेपच्या प्रतीवर तो ऐकू येतो.

गावाला बातमी कुणी सांगितली कोण जाणे. पाण्याचा टँकर आला, की रांगेत वहिनींची घागर कुणीतरी पायानं बाजूला सारू लागलं. वर्गात पहिले दोन बाक रिकामे राहू लागले. मुख्याध्यापकांनी सरांना गोड बोलून रजेवर जायला सांगितलं. मिसबाई रडत टेप घेऊन गेल्या. आमच्या आवारात, मिशनच्या आवारात, जिथं रविवारी प्रभूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केल्याचा वचनभाग वाचला जाई, तिथंही माणसं सरांना पाहून रस्ता बदलत. सर दिवसभर ओसरीवर बसलेले असत, हात मांडीवर ठेवून. त्या दिवसांत वहिनींनी घरातली दोरी आणि वस्तरा लपवून ठेवला होता.

नगरच्या दवाखान्यात जायचा दिवस ठरला. आवारातली जीप मिळाली नाही. मी आणि सिस्टर सोबत जाणार होतो. निघायच्या वेळी फाटकातून बाबूराव आले, पुणतांब्याहून, उन्हातान्हाचे चालत. त्या दुपारनंतर ते फिरकले नव्हते. आल्या आल्या त्यांनी सरांची वळकटी खांद्यावर घेतली.

"चला सर. ष्टँड लांब हाय."

"बाबूराव, लोक बघतील."

"बगू द्या. चुलत्याच्या येळंला मी लहान हुतो. आता न्हाई."

बसमध्ये ते सरांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसले. मांडीवर वळकटी, नजर समोर. मी मागून पाहत होते. म्हातारा भीतीनं थरथरत होता. पण उठला नाही.

औषधं लागू पडली. रोग गेला, पण करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं वाकडं झालं. परदेशातल्या त्या शाळेचं बोलावणं खरंच आलं, तेव्हा सर दवाखान्याच्या व्हरांड्यात हातांना तेल लावत बसायचे. त्यांनी हसून माझ्याकडं पाहिलं, एवढंच. पुढं ते राहात्याला परतले. व्हायोलिन त्यांनी वाजवलं नाही, शिकवलं मात्र शेवटपर्यंत. आधी कुणी मुलं पाठवत नसे; मग बाबूरावांनी आपल्या नातवंडांना पाठवलं, मग हळूहळू इतर आले. आम्ही चौघं पुन्हा कधी एकत्र वाजवू शकलो नाही. एक सूर गेला की बाकीच्या तिघांचं काही उरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

परवा मी राहात्याला जाऊन आले. मार्थावहिनींची नजर आता जवळजवळ गेली आहे. संध्याकाळ व्हायला आली होती. दवाखान्यातून सर एक सवय घेऊन आले होते: ज्या हातांना कळत नाही ते डोळ्यांनी पाहावे लागतात. म्हणून दिवेलागणीच्या आधी ते खिडकीशी बसून आपली बोटं उलटसुलट न्याहाळायचे, कुठं भाजलं, कुठं कापलं ते शोधायचे. पुढं घरातली सगळीच पोरंबाळं त्यांच्यापुढं हात करू लागली. आम्ही बोलत असतानाच सोनालीची मुलगी, चिऊ, अंगणातून खेळून आत आली आणि सवयीनं थेट खिडकीशी गेली. दोन्ही तळवे पुढं केले. खुर्ची रिकामी होती. ती तशीच उभी राहिली, हात खाली घ्यायचे की नाही हे न कळून...

"इकडं ये गं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत एकेका बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवला. करंगळीपाशी त्या थांबल्या.

"इथं काय लागलंय? दुखतंय का?"

"हो," चिऊ म्हणाली.

"दुखतंय ना?" वहिनींनी पुन्हा विचारलं. "बरं झालं, बाई."