नव्या गाडीचं बोनेट

सर्व्हिस सेंटरच्या काचेमागे बसून मी माझ्या गाडीकडे पाहतो आहे. तिला एक वायर जोडली आहे आणि तिला काय होतंय ते संगणकाच्या पडद्यावर वाचलं जातंय. इथे ना पेट्रोलचा वास, ना ग्रीसचा. माझ्यासारख्या डॉक्टरला ही स्वच्छता आवडायला हवी. पण इथे बसलो की हटकून आमचे मिस्त्री आठवतात आणि मान खाली जाते.

ब्याऐंशीच्या सुमारास मी एक जुनी गाडी घेतली. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, जालन्याहून कुंभार पिंपळगावला जाऊन मी रोगी तपासत असे. त्याच्या आदल्या दिवशी गाडी मिस्त्रींच्या लिंबाखालच्या गॅरेजात उभी. तिचे लाड तरी किती! कार्बोरेटर धुवा, पॉइंट घासा, रेडिएटरमध्ये पाणी भरा, थंडीत चोक ओढून आर्जवं करा. मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटत. "डॉक्टरसाब, तुमच्यावानीच तपासून राह्यलो," म्हणत. अंबडच्या पुढे गाडी अडली, तर निरोप मिळताच एसटीने येत. त्यांचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकानं गाडी घेतली, की पहिल्या सकाळी ऑइल त्यांनी पाहायचं, मगच गाडी रस्त्यावर.

नव्वदचं दशक सरता सरता मी कोरी गाडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री न बोलावता घरी आले. अंगात धुतलेला सदरा, खिशात नवं फडकं. गाडी पाहायला आलेले पाहुणे अंगणातच होते. मी ऐटीत बोनेट उघडलं. आत सगळं झाकलेलं, बंदिस्त. मिस्त्रींनी कौतुकानं न्याहाळलं आणि ऑइल मोजायच्या पट्टीकडे हात नेला.

"मिस्त्री, हात लावू नका," मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "वॉरंटी जाईल. हिला आता कॉम्प्युटर लागतो."

पाहुणे हसले. मीही हसलो; त्याची आजही लाज वाटते. मिस्त्रींनी हात मागे घेतला आणि स्वच्छच असलेली बोटं फडक्याला पुसली. "बराबर हाय. मंग तुमची तकलीफ मिटली म्हना," एवढंच बोलून चहा न घेता ते गेले.

दुपारी गाडीसोबतचं पुस्तक चाळलं. ऑइलची पातळी मालकाने वरचेवर स्वतः पाहावी, असं त्यात चित्रासकट छापलं होतं. पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून पाहायची. मिस्त्री दुसरं काय करणार होते? त्याच दिवशी जाऊन माफी मागायला हवी होती. पण जुन्या गाडीने दर आठवड्याला तिकडे नेलं असतं. ही नवी गाडी काही मागेचना, आणि काम नसताना जायला मला तोंड नव्हतं. आज-उद्या करत तीन वर्षं गेली.

शेवटी गेलो. मिस्त्री आता विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत होते. उठून आले, घरच्यांची विचारपूस केली. मी बोनेट उघडलं आणि म्हणालो, "जरा ऑइल बघता का?"

ते वाकले, पण दोन्ही हात पाठीमागे धरून. "न्हाई साब. तुमची वॉरंटी जाईल."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं; ते माझी काळजीच घेत होते. वॉरंटी संपून वर्ष उलटलं होतं, पण तेवढंही मला सांगता आलं नाही. त्यांनी चहा मागवला, तो पिऊन मी निघालो. माफी मागायला एक वाक्य पुरलं असतं. पुढे मिस्त्री वारले, आणि ते वाक्य माझ्यापाशीच राहिलं.