मोहाच्या तेलाचा हात
परवा अक्कलकुव्याच्या बाजारात मोहाच्या तेलाचा वास आला आणि मी नकळत उजवा हात साडीला पुसला. आश्रमशाळेतला आमचा सातवीचा वर्ग पत्र्याखाली भरायचा. उन्हाळ्यात दुपारी तो पत्रा नुसता तडतडायचा. इंग्रजीच्या सरांचा नियम असा की, ज्याचं उत्तर बरोबर येईल त्यानं चुकलेल्याच्या कानाखाली वाजवायची. त्या दिवशी फळ्यावर ‘मस्ट’ आणि ‘मे’ होते, करायलाच हवं आणि केलं तर चालेल. माझ्या शेजारणीचं वाक्य चुकलं, माझं बरोबर आलं. वसतिगृहात आम्ही दोघी एकाच गोधडीत झोपायचो, म्हणून मी तिच्या गालाला नुसता हात लावला. सरांनी मलाच अशी थोबाडीत दिली की तोंडात रक्ताची चव आली. “जोरमा मार! भाकर नई खादी का?” मग मी मारलं, सरांवरचा सगळा राग तिच्यावर काढून मारलं. तिच्या नाकातून रक्त आलं आणि माझ्या हाताला तिच्या केसांचं मोहाचं तेल लागलं. पुढचं वाक्य मी मुद्दाम चुकवलं. तिनंही मारावं, फिट्टंफाट व्हावी. तिचं उत्तर बरोबर आलं. ती उभी राहिली, हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, “मी नाय मारणार.” सरांनी तिच्या पाठीवर छडी मोडली, तरी तिनं हात सोडले नाहीत. आता मीही इंग्रजीच शिकवते. ‘मस्ट’ म्हणजे करावंच लागतं, असं दर वर्षी मुलांना सांगते आणि सांगताना हातातला खडू मला तेलकट लागतो.