आक्का आणि शहापूरच्या सुया

आक्काला कॅन्सर झाला आणि अख्खी गल्ली डॉक्टर झाली.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आज तिच्या श्राद्धाचा दिवस. नातीला म्हटलं, मी सांगते, तू मोबाईलवर लिही. मधे तुझं शहाणपण घालू नको.

गोष्ट निपाणीतली, ऐंशी सालाच्या पुढची.

बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आक्काच्या छातीच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं. मग इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले, त्याचं तिला फार नव्हतं. वेणी घालायचा ताप गेला, म्हणाली.

पण उलट्या.
पाण्याचा घोटसुद्धा परत यायचा.

मग गल्ली कामाला लागली. कुणी कणकुंबीच्या रानातली मुळी आणली, कुणी अंगारा. शेजारीण म्हणाली, माझ्या काढ्यानं गाठ आठवड्यात विरघळते. तिच्या स्वतःच्या पायाचं कुरूप काही वर्षानुवर्षं विरघळलं नव्हतं.

आप्पा, म्हणजे आक्काचे मालक, शांत माणूस. पण एकदा जेवता जेवता बोलून गेले, "आणखी वाळली तर ही इंजेक्शनं बंद. असं हाल करून काय मिळवायचं?"

आक्का ताटावरून उठली.

दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, इथंच बेळगावच्या शहापुरात एक डॉक्टर चिनी पद्धतीनं सुया टोचतात, उलट्यांना काहींना आराम पडतो. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि जा म्हणाले.

आम्ही तिघं गेलो. गल्लीत दोन्हीकडं मागांचा खडखडाट. दवाखाना कसला, एक खोली अन् एक बाकडं. डॉक्टर कानडी वळणाचं मराठी बोलायचे.

मी आधीच विचारून घेतलं, ह्या सुयांनी गाठीचं काय होणार?

"काही न्हाय," डॉक्टर म्हणाले. "गाठीचं औषध तिकडं मोठ्या दवाखान्यात. सुईनं मळमळ कमी झाली तर चार घास पोटात राहतील. ते पण सगळ्यांना होत न्हाय."

एवढ्या सगळ्यांत वचन न देणारा हा पहिलाच माणूस. मला तिथंच पटला.

सुई मनगटाच्या जरा वर टोचायची. डावा हात चालेना, कारण ऑपरेशन त्या बाजूचं, हात सुजायची भीती. राहिला उजवा.
आणि उजव्या हातात हिरवा चुडा.

डॉक्टर म्हणाले, बांगड्या काढा.

आक्कानं हात पदरात घेतला. "नवरा जिता समोर बसलाय, आन् मी बांगड्या वाढवू?"

आमच्यात बांगड्या काढल्या म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. आणि नवरा असताना हात मोकळा ठेवत नाहीत. डाव्या हातातल्या ऑपरेशनच्या वेळी गेल्या, तर भूल उतरल्यावर ती आधी बांगड्यांसाठी रडली होती.

आप्पा म्हणाले, मी जिता हाय आन् मीच सांगतोय, काढ.
ती हलेना. डॉक्टर सुई धरून बसलेले.

"आक्का, वर तरी सरकव की गं," म्हणून मीच तिचा हात धरला.

"सरकत न्हाईत. घट्ट हायत."

होत्या खऱ्या घट्ट. मी खालून बोट घातलं, तर बोटाला दोरा लागला.

काळा दोरा. मनगटाभोवती वेढ्यावर वेढे, आणि त्यावर बांगड्या बसवलेल्या. ढिल्या झालेल्या दिसू नयेत म्हणून.

मी दोरा उलगडत गेले. तो संपेचना.
मग हात जरा उचलला, आणि चुडा आपसूक कोपरापर्यंत गेला.

हात कसला, काडी.

बाहेर माग चालू होते.

शेवटी आक्काच आप्पांना म्हणाली, "तुमी बघितला असतासा तर बंद केलं असतासा. मला ती इंजेक्शनं पुरी करायची हायत. मला एवढ्यात जायचं न्हाय."

आप्पा त्या हाताकडं बघत राहिले. मग डॉक्टरांना म्हणाले, "टोचा."

जादू काही झाली नाही. उलट्या थांबल्या नाहीत, कमी झाल्या. आधी पेज पोटात राहिली, मग आंबील, मग मऊ भात.

गल्लीनं लगेच सल्ला दिला, सुयांनी बरं वाटतंय तर मोठा दवाखाना सोडा. आक्का म्हणायची, त्यो उलटीचा डॉक्टर, गाठीचा न्हवं. दर इंजेक्शनाला आप्पा स्वतः तिला घेऊन जायचे. बंद करायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

इंजेक्शनं पुरी झाली.

दुखणं पुढं परत आलंच. पण मधे काही वर्षं मिळाली. त्या वर्षांत तिनं माझ्या भाकरीला नावं ठेवली, माझी पोरं फितवून आपल्या बाजूला घेतली, आणि दर सणाला माझ्या पुरणात खोट काढली. सासू हिच्यापेक्षा बरी होती, असं मी तिच्या तोंडावर म्हणायची.

ती वर्षं मला कमी पडली, आक्का.

नमस्कार करते गं.