शकुंतलाबाईचं विरजण

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ताक विकणाऱ्या शकुंतलाबाईचं एकही वाक्य 'सांगून ठेवते' म्हटल्याशिवाय संपत नाही. 'ताक आजचंच हाय, सांगून ठेवते.' देवापुढं हात जोडले तरी त्यालाही सांगूनच ठेवते.

तिचं विरजण माहेरचं, गोरेगावचं. लग्नात आईनं वाटीभर दिलं, ते तीस वर्षं रोज पुढं चाललंय. मागेल त्याला तिनं दिलं. स्वतः मात्र कधी कोणाच्या दारात वाटी घेऊन गेली नाही.

गेल्या आठवड्यात चारही मडक्यांतलं दही लागलंच नाही. नुसतं पांढरं पाणी. दुसऱ्या दिवशीही तेच. "आईचं विरजण गेलं," म्हणाली, अन् भिंतीला टेकून बसली.

मायक्रोबायोलॉजी शिकणारी भाची निलम आली. तिनं मडकी पाहिली, चारही मडक्यांत फिरणारी एकच पळी पाहिली.

"मावशे, दह्याच्या जिवाणूंना विषाणू लागला असंल. पळीनं सगळीकडं नेला."

"दह्याला सर्दी झाली म्हण की."

"काही जिवाणूंची रीत न्यारी असते. विषाणू आत शिरला की त्याची पिल्लं व्हायच्या आत ते स्वतःच मरून जातात. एक जातो, बाकीचं घर वाचतं. तुझ्या विरजणातले तसे न्हाईत वाटतं. तुझं जुनं विरजण कोणाकडं हाय का? इतकी वर्षं दुसऱ्या घरी वाढलेले, तिथले निघतील तसे."

होतं. समोरच्या चतुराबाईनं अकरा वर्षांमागं नेलेलं. पण नळावरच्या भांडणानं दोघी चार महिने अबोल.

शकुंतलाबाई वाटी घेऊन निघाली.

"काहून वं, रस्ता चुकली का?" चतुराबाई नाकातून बोलते.

"चतुरा, थोडं विरजण दे. माझ्या आईचं तुझ्याकडंच उरलंय."

पुढं 'सांगून ठेवते' आलंच नाही. चतुराबाईनंही वाट पाहिली असावी. मग वाटी काठोकाठ भरली.

निलमनं त्या विरजणानं दोन भांड्यांत दूध लावलं अन् एकात मुद्दाम बिघडलेल्या मडक्यातलं चमचाभर पाणी मिसळलं. सकाळी दोन्ही भांड्यांत दही घट्ट.

"यातले काही मेले व्हय?"

"मेले असतील."

शकुंतलाबाईनं त्या दह्याला हलकेच बोट लावलं. पळी उकळत्या पाण्यात टाकली. मग दुसऱ्या भांड्यातली पहिली वाटी पदराखाली घेऊन समोर गेली.

"हे तुझ्याकडं बी लावत राहा. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी असू दे, सांगून ठेवते."