नदीपलीकडचा पत्ता

मी सहा वर्षांची असताना बाबा प्राणहिता नदी ओलांडून तेलंगणात गेले. त्याआधी इकडं आलापल्लीच्या एका आरागिरणीत ते सागाचे ओंडके कापायचे. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर भुसा असायचा, आणि मी तो फुंकून उडवायची. "महिनाभराचं काम हाय," असं सांगून ते गेले. त्यानंतर मला ते फक्त झोपेत दिसत. नदी खरी आहे त्याहून खूप रुंद असायची, पलीकडच्या वाळूवर बाबा पाठमोरे उभे असायचे, आणि मी मारलेली हाक पाण्याच्या मध्यावर कुठंतरी विरून जायची.

आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. दोन वर्षं तिनं वाट पाहिली आणि मग अहेरीच्या कोर्टात अर्ज केला. गरिबांसाठी सरकारकडून फुकट मिळणाऱ्या एक वकीलबाई होत्या, त्यांनी तो लिहून दिला. समन्स गेल्यावर बाबा एकदा आले, मान खाली घालून बसले, आणि कोर्टानं मी अठरा वर्षांची होईपर्यंतची माझी पोटगी ठरवून दिली. आमच्याकडं तिला खावटी म्हणतात. मला वाटायचं, खावटी म्हणजे डब्यातून येणारा एखादा खाऊ असेल. ती दोनदा आली. मग बंद झाली, आणि बाबांचा फोनही बंद झाला.

वसुलीचं वॉरंट नदीपलीकडच्या पोलीस ठाण्यात गेलं आणि बऱ्याच महिन्यांनी परत आलं. मागं तेलुगूत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. आईनं त्याची झेरॉक्स काढली आणि आठवडी बाजारात मिरची विकायला येणाऱ्या बाईकडं नेली. ती सिरोंच्याकडची, नदीपलीकडच्या बाजारातही जायची आणि बाबांना ओळखायची. तिच्या पोत्याशेजारी बसून मी थोडंफार तेलुगू शिकले होते. बाईनं कागद लांब धरून वाचला.

"या नावाचा माणूस या गावात राहत नाई, असं लिवलं हाय." मग ती हसली. "राहत नाई कसा? परवाच तर त्याले पाह्यलं मी. कापसाच्या जिनिंगवर हाय."

आईनं त्या कागदाची तिथंच चौघडी केली आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना गाठलं.

"हुकूम आपल्या कोर्टाचा असला तरी माणूस जिथं राहतो तिथलं कोर्टही तो बजावू शकतं," वकीलबाई म्हणाल्या. "पण तो नक्की कुठं आहे हे दाखवता आलं पाहिजे. जाल तिकडं?"

"जातो ना. काऊन नाई जाणार?"

"भाषा?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "हिले येते थोडी."

तेव्हा नदीवर पूल झाला नव्हता. आम्ही डोंग्यानं गेलो. आई म्हणते त्या सकाळी लख्ख ऊन होतं. पण माझ्या आठवणीत दाट धुकं आहे, आणि त्या धुक्यात नावाड्याचा बांबू पाण्यात जातो तेवढाच आवाज. आईनं हुकमाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरली होती. डोंगा मध्यावर आला तेव्हा मला वाटलं, आपण माझ्या स्वप्नात शिरलोय. मी आईचा पदर घट्ट धरला. स्वप्नात आई कधीच नसायची, म्हणून मला धीर आला.

काठावरून जीपनं आम्ही त्या गावात गेलो. जिनिंगच्या फाटकाशी पोचलो तर आत सगळं पांढरं. पत्र्यावर कापूस, विजेच्या तारांवर कापूस, हवेत उडणारा कापूस, जणू तिथं सगळं संथपणे घडत होतं. त्यातून एक माणूस गठ्ठा ढकलत आला. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. मला वाटलं कुणी म्हातारा आहे. त्यानं तोंडावरचा दुपट्टा काढला.

"तू इथी कशी?" बाबा म्हणाले. ते आईला म्हणाले की मला, ते मला अजून कळलेलं नाही.

"इथी राहत नाई म्हणे तू," आई म्हणाली. "तेच पाह्यले आलो."

बाबा काही बोलणार तेवढ्यात मागच्या खोल्यांकडून एक छोटी मुलगी धावत आली आणि त्यांच्या पायाला बिलगली. "नान्ना!" ती म्हणाली. नान्ना म्हणजे बाबा. आईला तो शब्द कळला नसावा. मला कळला. मिरचीवाल्या बाईनं शिकवलेले किती शब्द मी विसरले, हा नाही विसरले.

आईनं त्या पोरीकडं पाहिलं. तिच्या केसातला कापूस आईनं काढून टाकला, आणि बाबांना म्हणाली, "हिले जेवू घालून राह्यला ना? मंग हिलेबी घाल." आणि मला पुढं केलं.

त्यानंतर भांडण होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. आई जिनिंगच्या दिवाणजीकडं गेली, बाबा तिथं कामाला असल्याचं दोन ओळींचं लिहून घेतलं, आणि आम्ही त्याच दुपारी तालुक्याच्या कोर्टात अर्ज दिला. पुढं तीनदा जावं लागलं. कोर्टात सगळे तेलुगू बोलत आणि ते बोलणं माझ्या डोक्यावरून पाखरांच्या थव्यासारखं जायचं. अधूनमधून एखादा ओळखीचा शब्द खाली उतरायचा. तिसऱ्या वेळी बाबांना उभं केलं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी आईला हिंदीत विचारलं, "इन्हें जेल भेजना चाहती हो?"

आईनं बाबांकडं पाहिलं. मग म्हणाली, "जेल में गया तो बच्ची को कौन देगा? काम पे रहने दो. पगार में से काटो."

तसंच ठरलं. दिवाणजी पगारातून रक्कम कापून आईच्या खात्यावर टाकू लागला. कधी उशीर व्हायचा, पावसाळ्यात जिनिंग बंद असली की महिने तुंबायचे, आणि आई पुन्हा डोंग्यात बसायची. त्या खावटीवर मी शिकले. बाबांना मात्र भेटले नाही. तेही आले नाहीत. हळूहळू स्वप्नातली नदी अरुंद झाली, आणि एक दिवस ते स्वप्न पडायचंच थांबलं.

गेल्या वर्षी मी अठराची झाले. आता गडचिरोलीला नर्सिंग शिकते. हुकमाची मुदत संपली म्हणून आईनं देवापुढं नारळ फोडला आणि म्हणाली, "सुटलो." पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे आले. चूक झाली असेल म्हणून आईनं दिवाणजीला फोन लावला.

"चूक नाही बाई," तो म्हणाला. "कोर्टाचं संपलं, मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, पोरीचं शिक्षण होईपर्यंत टाकत राहा."

आईनं फोन खाली ठेवला आणि चुलीवरचा भात उतरवायला गेली. मी दिवाणजीकडून बाबांचा नंबर मागून घेतला. तो आठवडाभर माझ्या वहीत पडून होता. एका रविवारी हॉस्टेलच्या गच्चीवरून लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. मी माझं नाव सांगितलं. यंत्राची घरघर ऐकू येत होती. ती दूर गेली, म्हणजे ते बाहेर आले असावेत.

"काय शिकून राह्यली तू?"

"नर्सिंग."

"सुई टोचतेस लोकायले?"

"हो."

"दुखते का त्यायले?"

"थोडं दुखते," मी म्हणाले.

फोन दोघांनीही ठेवला नाही. कितीतरी वेळ मी त्यांचा श्वास ऐकत गच्चीवर उभी होते.