सिक्सरवरची गिरकी

खरवईच्या मैदानावर सिक्सर बसला की लोक बॉल सोडून अंपायरकाकांकडे बघतात. दोन्ही हात वर, एका पायावर गिरकी आणि मग वरातीतला नाच! पोट हलतं, टोपी उडते, शिट्ट्या थांबत नाहीत.

परवा फायनलच्या शेवटच्या बॉलला अंबरनाथवाल्यांना सहा रन हवे होते आणि बॉलर मी! बॉल उंच उडाला, काकांच्याच मुलाने बाउंड्रीजवळ झेल घेतला. आम्ही नाचायलाच लागलो. काका मात्र तिकडे धावले. चुन्याची रेघ पुसली होती, पोराची टाच पांढरी.

"पप्पा, आपलीच टीम आहे ना!"

"म्हणून काय झालं? सिक्स आहे रे!"

काकांनी हात वर केले, गिरकी घेतली आणि असे नाचले की बस! मॅच मी हरलो होतो, तरी पहिली शिट्टी माझीच होती.