मेंढरं राखायला शिकायला स्पेनला गेलो

मेंढरं राखायला नको म्हणून मी चौदाव्या वर्षी घर सोडलं, आणि तेविसाव्या वर्षी मेंढरं राखायला शिकण्यासाठी विमानात बसलो. हे वाक्य मी फोनमध्ये चार वेळा लिहून पाहिलं. चारही वेळा खोटं वाटलं. पण झालंय तसंच, त्यामुळं राहू देतो.

कोणाला उन्हाळ्यात असं परदेशात शिकायला जायचं असेल तर निवड कशी होते ते आधी सांगतो. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, अजून मेंढरं घेऊन फिरतात. पावसाळा सरत आला की खाली गोदाकाठाकडं उतरायचं, जूनच्या तोंडाला परत वर यायचं. मी वसतिगृहात राहून दहावी नापास. आधी संभाजीनगरजवळ बजाजनगरला एका कंपनीत, मग गॅरेजात, आणि आता चार वर्षं बंगळुरूजवळ होसकोट्याला एका मोठ्या गोदामात खोक्यांवर स्कॅनर मारतो. मला एका जागी बसवत नाही. मध्ये दुबईला जायचं म्हणून पासपोर्ट काढला, ते काम फिसकटलं. सुपरवायझर व्हायला पदवी लागते म्हणाले, म्हणून पूर्वपरीक्षा देऊन मुक्त विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. पुस्तकं खोलीत कपाटावर आहेत.

संभाजीनगरात पुंडलिकनगरला मेंढपाळांसोबत काम करणारी एक संस्था आहे. तिथल्या वंदनाताईंचा मार्चमध्ये फोन आला.

"स्पेनमध्ये मेंढपाळांची शाळा असते. उन्हाळ्याचा कोर्स, दहा आठवड्यांचा. विमान, राहणं, जेवण त्यांचं. धनगराचं पोरगं पाहिजे, कॉलेजात नाव पाहिजे, पासपोर्ट पाहिजे. तिन्ही असलेला अख्ख्या तालुक्यात तू एकटा निघालास."

"ताई, मला मेंढरं राखता येत नाहीत."

"म्हणून तर शिकायला जायचंय ना बाबा."

मी आठ दिवस मागितले. आठव्या दिवशी आबांना फोन केला. ते बराच वेळ हसले.

"मेंढरं राखायची साळा? आन मास्तर कोन, लांडगा?"

"नको जाऊ म्हणता का मग?"

"जा की. पर एक ऐक. गुडघा आता माझं ऐकत नाय. हमीदभाई सगळा खांड मागतोय, एकरकमी." खांड म्हणजे आमच्याकडं मेंढरांचा कळप, आणि हमीदभाई मेंढरांचे व्यापारी. "तू येईस्तोवर देत नाय त्याला. आल्यावर तू संबाळतो का नाय, एकदाच सांग. नाय म्हनलास तरी राग नाय."

म्हणजे जाताना सामानात एक प्रश्नही होता, आणि त्याला वजनाची मर्यादा नव्हती.

व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट, प्रवासाचा विमा, शाळेचं पत्र आणि कॉलेजचं बोनाफाईड. सगळ्यात उशीर बोनाफाईडला लागला. अभ्यास केंद्रातले क्लार्क म्हणाले, "तू आमचा विद्यार्थी आहेस हे तुला तरी माहीत होतं का?" कागदांच्या दोन-दोन प्रती ठेवा, आणि खिडकीवरची बाई कशाला जाताय विचारते तेव्हा सरळ सांगा. मी मेंढरं म्हणालो. तिनं चष्म्यावरून एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

संभाजीनगरहून मुंबई रेल्वेनं, दोहात विमान बदलून बार्सिलोना. तिथून डोंगरात जायला बस, साडेतीन तास, तिकीट तीसेक युरो. मी मनात रुपयांचा गुणाकार केला आणि पाण्याची बाटली घेतली नाही. नंतर कळलं की तिथं नळाचं पाणी खुशाल पितात. रिकामी बाटली न्या.

शाळा म्हणजे दगडी घर, मागं गोठा, पुढं डोंगर. आम्ही अकरा जण. एक नर्स, एक बँकेतला, एक सिनेमाचे आवाज जोडणारा. सगळे शहर सोडून मेंढरं राखायला आलेले, आणि मी मेंढरं सोडून शहरात गेलेला. आम्हाला शिकवणारी बाई मार्ता, चाळिशीची, भरभर इंग्रजी बोलणारी. तिनं माझी ओळख करून दिली की हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मेंढपाळ. टाळ्या वाजल्या. मला मागं वळून बघावंसं वाटलं की कोण आलंय.

"तुमच्याकडं किती मेंढ्या आहेत?" बँकवाल्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. आबा मोजत नाहीत. मोजली की कमी होतात म्हणतात. संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना तोंडं बघतात आणि कोणतं नाही ते सांगतात. हे मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. अकराच्या अकरा जणांनी, मार्तासकट, वहीत लिहून घेतलं. बरोबर सांगितलं का चूक, हे मला विचारायला तिथं कोणी नव्हतं.

खाण्याचं सांगतो. सकाळी पावावर टोमॅटो चोळतात, वरून तेल. भाजत नाहीत, शिजवत नाहीत, नुसता चोळतात. चार दिवस मला वाटलं गॅस संपलाय. दुपारी मसूर चांगले असतात. आईनं दिलेला ठेचा मी त्यात कालवला आणि नर्सनं चव बघितली, मग ती दहा मिनिटं बाहेर जाऊन बसली. ठेचा न्यायचा तर सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाला एकेका मेंढपाळाकडं पाठवलं. माझ्या वाट्याला जुझेप आला. साठी उलटलेला, इंग्रजीचा एक शब्द नाही. आम्ही हातानं बोलायचो, अडलं की फोनमधलं भाषांतर. त्याची दोन कुत्री होती. जुझेप सावलीत बसून शिट्टी वाजवायचा आणि डोंगराएवढा कळप वळायचा. आमचा मोत्या लांडग्यावर भुंकायला ठेवलेला, त्याला वळवणं वगैरे कोणी सांगितलेलं नाही. गवत गुडघ्याएवढं. आबांना व्हिडिओवर दाखवलं तर त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "ह्यात मेंढरू राखायचं कशाला, नुसतं सोडून द्यायचं."

दहा-बारा दिवसांनी जुझेपला दात काढायला गावात जायचं होतं. दुपारपुरता कळप माझ्यावर. मी शिट्ट्या शिकलो होतो, कुत्री ऐकत होती, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की आपल्याला येतंय. ओढ्याच्या कडेनं खाली आलो तर समोर एक रान दिसलं. गवत कापून नेलेलं, सपाट, हिरवं, तारेचं फाटक उघडं.

आमच्याकडं कापलेलं रान म्हणजे मोकळं रान. पीक निघालं की मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यामुताचं खत होतं, शेतकरी वरून पायलीभर ज्वारी देतो. लहानपणी मी हेच बघितलेलं. मला वाटलं, ह्या शेतकऱ्याचं भलं करू. मेंढरं आत घातली आणि बांधावर बसलो.

तासाभरात ट्रॅक्टर आला. चालवणारी साठीतली बाई, डोक्यावर टोपी. मी उठून हसलो, हात जोडले. ती खाली उतरून बोलायला लागली. मला वाटलं, बसवायचे किती घेणार म्हणून घासाघीस करतेय. मी फोनमध्ये लिहिलं, "पैसे नकोत, फुकट बसवतो," आणि भाषांतर करून तिच्यापुढं धरलं.

तिनं वाचलं. परत वाचलं. मग जे बोलली ते फोननंसुद्धा अर्धंच सांगितलं.

मी अजून उदार झालो. लिहिलं, "पाहिजे तर उद्यापण बसवतो."

सुजलेलं तोंड घेऊन जुझेप पळत आला तेव्हा कुठं उलगडा झाला. तिथं गवत हेच पीक. एकदा कापतात, ते परत वाढवून दुसऱ्यांदा कापतात, आणि तेच हिवाळाभर गायींना पुरवतात. मी तिचा अर्धा हिवाळा चारून बसलो होतो. जुझेपनं टोपी काढून हातात धरली. त्या सुजलेल्या तोंडानं तो माझ्यासाठी माफी मागत होता, आणि मी शेजारी फोन धरून उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तानं बोलावलं. रागावली नाही, ते जास्त अवघड गेलं. म्हणाली, "शाळेनं तुला ठेवावं की नाही, हे त्या बाईंना विचारूनच ठरवू." मी बाहेर येऊन आबांना फोन लावला. मनात होतं, आबा म्हणतील तिकडची माणसं येडी आहेत.

सगळं ऐकून आबांनी विचारलं, "बाई लई बोलली का?"

"व्हय."

"तिला इचारलं व्हतं का आदी?"

"कापलेलं रान होतं आबा. आपण नाही का बसत कापलेल्या रानात?"

"मंग? म्या काय तसाच घुसतो? तुला काय वाटतंय, सकाळी सकाळी म्या पुढं कुठं जातो?"

आबा रोज सकाळी एकटे पुढं जायचे. तासा-दोन तासांनी परत यायचे, मग आई बिऱ्हाड घोड्यावर लादायची. मला आजवर वाटत होतं की ते चहा प्यायला जातात. आईसुद्धा म्हणायची, चालले तुझे आबा चहाला.

"इचारायला जातो लेका. रान कुनाचं, काय पेरायचंय, शेजाऱ्याचा कापूस कुठवर आलाय, पानी कुठलं प्यायचं. मानूस चहा देतो, तवा समजायचं बसायला हरकत नाय. चहा नाय दिला तर पुढच्या गावाला. कापलेलं असू दे नायतर नांगरलेलं. रान हाय म्हंजी धनी हायच."

मला वाटत होतं मी आमची रीत तिकडं नेली आणि तिकडच्यांना ती कळली नाही. खरं म्हणजे मी नेली ती अर्धीच होती. अर्धी मला माहीतच नव्हती. अकरा जणांच्या वह्यांत आणखी काय काय चुकीचं लिहून ठेवलंय, ते मी आठवत बसलो.

त्या दिवशी मी त्या बाईंच्या दारात गेलो. जुझेप येतो म्हणाला, मी नको म्हणालो. बाईंनी दार उघडलं. मी फोनवर एवढंच लिहिलं होतं, "विचारायला पाहिजे होतं. आता काम सांगा." त्यांनी दाताळं हातात दिलं. पाच दिवस मी त्यांच्या वरच्या रानातलं गवत ओढलं. पाचव्या दिवशी त्यांनी कॉफी दिली. मी ती हातात धरून बसलो, आबांचा हिशोब इथं लागू करावा का नाही कळेना. मार्ताला त्यांनी काय सांगितलं माहीत नाही, पण मी राहिलो.

ऑगस्टच्या शेवटी त्या मला हाताला धरून खालच्या रानात घेऊन गेल्या. मेंढरं बसली होती तेवढा तुकडा काळपट हिरवा, बाकीच्याहून वीतभर उंच. फोनमध्ये बोलल्या. फोननं वाचून दाखवलं, "पुढच्या वर्षी, दुसऱ्या कापणीनंतर. पण आधी दार वाजवा."

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र दिलं. माझं नाव बरोबर लिहिलंय, गावाचं चुकलंय.

सप्टेंबरात घरी आलो. आबांनी प्रमाणपत्र उलटं-सुलटं बघून पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवलं. मी मेंढरांच्या वाड्याबाहेर जाऊन जुझेपची शिट्टी वाजवली. मोत्यानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत झोपला.

रविवारी हमीदभाई आले. लहानपणापासून मला ओळखतात.

"क्या रे छोटे, फॉरेनसे आया बोलते. अब तो बोल दे बाबा. तेरे अब्बा मेरेको छे महिने से लटकाके रखे."

आबा खाटेवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. म्हणाले, "त्यालाच इचारा. शिकून आलाय तो."

दोघं माझ्याकडं बघत होते. हो म्हणावं तर होसकोट्याची खोली, नोकरी, बी.ए.ची पुस्तकं. नाही म्हणावं तर काय, ते मला सांगता येईना. दहा आठवडे ह्याच प्रश्नाचा अभ्यास केला होता, आणि पेपर हातात आल्यावर पान कोरं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"उद्याच सांग," हमीदभाई उठत म्हणाले, "परसों मैं नहीं आताय."

सोमवारी उजाडल्यावर आबा उठले ते खांबाला धरून. खाली उतरायची वेळ झाली होती. गंगापूरच्या अलीकडं मूग निघालाय असं कळलं होतं, ज्वारी पेरायच्या आधी तिथं बसायला मिळालं असतं. आबांनी चप्पल घातली, दोन पावलं टाकली आणि थांबले.

मी काही ठरवलं नाही. मोटरसायकलची चावी खिळ्याला होती, ती घेतली. वळणावळणाच्या घाटातून खाली, मग सरळ रस्ता. मुगाचं रान सापडलं. काढलेलं, मोकळं. मी बांधावर गाडी लावली आणि रानात पाय न टाकता वस्तीवर गेलो.

एक म्हातारे शेतकरी गोठ्यापुढं बसले होते. कुठला, कशाला आला, विचारलं. मी रान मागितलं. शेजारचा कापूस कुठवर आहे ते विचारलं, पाणी विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"मेंढरं कोनाची?"

आजवर मी कोणी विचारलं की आबांची म्हणायचो. ह्या वेळी तोंडातून निघालं, "आमची."

ते आत वळून म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."

परत आलो तेव्हा आबा तिथंच, चप्पल घालून बसलेले.

"इचारलं?"

"व्हय."

"काय म्हनला?"

"चहा दिला."

आबांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर लावला. "हमीदभाई, औंदा नाय," म्हणाले आणि ठेवून दिला. मी अजून काहीच बोललो नव्हतो.

हे त्याच मुगाच्या रानात बसून लिहितोय. होसकोट्याच्या सुपरवायझरचे तीन मेसेज येऊन पडलेत, कधी येतोस म्हणून. त्याला काय सांगायचं ते मला कळत नाही. पुढच्या वर्षी मी कुठं असेन, तेही नाही. उद्या सकाळी पुढच्या गावाला विचारायला कोण जाणार, तेवढं माहीत आहे.